साउंडवाल्या भाऊंना जाहीर थँक्यू

भाऊ, जय गुरू! तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "जाऊ दे ना बे, चाय सांग" म्हणून विषय संपवता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

अमेरिकन गायिका जोआना न्यूसमचा 'ईस' मला कुणासोबत तरी बसून पूर्ण ऐकायचा होता, बस एवढंच. 2006 च्या नोव्हेंबरमधला अल्बम, गाणी पाचच पण 55 मिनिटं, त्यात 'ओन्ली स्किन' एकटंच जवळपास 17 मिनिटांचं. चेंबर पॉप म्हणतात त्याला, म्हणजे व्हायोलिनसारख्या वाद्यांच्या साथीचं पॉप, पण मुखडा-अंतरा असलं काही नाही, बाई हार्प, म्हणजे ते मोठं उभं तारवाद्य, वाजवत गोष्ट सांगत सुटते आणि मागं अख्खा ऑर्केस्ट्रा. समीक्षक एकदम फिदा, पिचफोर्क या संगीत समीक्षेच्या वेबसाइटनं तर 10 पैकी 9.4 दिले. ऐकणाऱ्यांचे मात्र सरळ दोन गट पडले आणि ते पण तिच्या आवाजावरून, एक गट म्हणतो असा आवाज दुसरा नाही, दुसरा म्हणतो दोन मिनिटंपण सहन होत नाही. आमच्या ग्रुपवर सगळे दुसऱ्या गटातले, क्लिप टाकली तर मांजरीचे स्टिकर आले. आणि बाईचा स्पॉटिफायवर राग, 2015 मध्ये मुलाखतीत जाहीर बोलली होती, त्यामुळं मला मोबाइलवर अख्खा अल्बम सहज सापडलापण नाही.

तुम्ही पुतण्याला सांगून पुण्याहून सीडी मागवली, लग्नसराई संपून गणपतीचे बुकिंग सुरू व्हायच्या मधल्या त्या रिकाम्या दिवसांत गोदामात दोन टॉप, म्हणजे मोठे स्पीकर, आणि जुना सीडी प्लेअर लावला, पावसामुळं शेतातली डवरणी बंद म्हणून भजन मंडळातले चारपाच जणपण येऊन बसले. पोरं पहिल्याच गाण्यात "भाऊ, डीजे लावा ना" करायला लागली. तुम्ही फक्त "संपू द्या" म्हणाले. ते दोन शब्द नसते तर पुढचं काहीच झालं नसतं.

कारण पेटीवाले काकाजी. आवाजाबद्दल ते एवढंच बोलले, "लहान पोरीचा हाय का म्हातारीचा, समजून नाही रायलं", आणि गप ऐकत बसले. मग दुसऱ्या गाण्यात म्हणाले, "पोरगी गाऊन रायली अन् मागचे वाजवणारे तिले दमच घेऊ देऊन नाही रायले." भाऊ, मी उडालोच! या अल्बमवर टीका झाली ती नेमकी हीच, की व्हॅन डाइक पार्क्सनं बांधलेला ऑर्केस्ट्रा प्रत्येक ओळीच्या मागं धावतो. हार्प आणि आवाज आधी स्टीव्ह अल्बिनी या साउंड इंजिनिअरनं रेकॉर्ड केला होता, ऑर्केस्ट्रा नंतर त्यावर चढवला, आणि काकाजींना यातलं काहीच माहीत नाही. तिसरं 'सॉडस्ट अँड डायमंड्स' लागलं, त्यात ऑर्केस्ट्राच नाही, नुसता हार्प आणि ती, तर काकाजी सरसावून बसले, "हे पाय, इथं बरं वाटते." मला स्वतःला ऑर्केस्ट्रा आवडतो, पार्क्स नसता तर पहिलं गाणं 'एमिली' निम्मं झालं असतं असं माझं मत, त्यावर आमची तिथंच जुंपली आणि मजा आली. मागं गाणाऱ्याला जागा किती सोडायची हे जन्मभर भजनात साथ करणाऱ्याला कळणारच म्हणा.

पोरं अर्ध्यात निघून गेली, जाऊ द्या. 9.4 वाचून मला जे कळलं नव्हतं ते त्या गोदामात कळलं, ते पण तुमच्या टॉपवर, जिथं खालचे स्वर नीट ऐकू येतात, मोबाइलवर ते गायबच होतात.

तर थँक्यू भाऊ, पुतण्यालापण सांगा. आणि हो, तिचा 2010 चा अल्बम तीन सीडींचा आहे, दोन तासांच्या वर. दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाआधी एखादी संध्याकाळ मोकळी ठेवा, काकाजींना मी घेऊन येतो. चाय माझ्याकडून.