'सगळं बसतं' म्हणणाऱ्यांपासून जपून

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जुने ट्रक पुन्हा उभे करण्यावरचा लेख वाचला. इंजिनाबद्दलचा मजकूर चांगला आहे. पत्र्याला मात्र लेखकाने एका वाक्यात निकालात काढलं: 'सडलेले भाग टाकून द्यावेत आणि त्याच सालचे दुसरे बसवावेत.' हयात डेंटिंगच्या कामात गेली असल्याने हे वाचून गप्प बसवेना. इंजिनाला पिस्टन, रिंगा, बेअरिंग मापाने मिळतात. बॉडीचं तसं नाही. 'त्याच सालचे' म्हणजे नेमके कुठले, इथेच घोडं अडतं.

लेखासोबतच्या छायाचित्राचंच घ्या. खाली '1950 ची शेवरोले' असं छापलंय. दाराच्या पुढच्या कोपऱ्यात छोटी तिकोनी फिरती काच दिसते आणि हँडल बटणाचं आहे. शेवरोलेच्या ट्रकांची ही 'ॲडव्हान्स डिझाइन' मालिका 1947 च्या उन्हाळ्यात बाजारात आली आणि 1955 च्या सुरुवातीपर्यंत चालली. लांबून सगळ्या गाड्या सख्ख्या बहिणी वाटतात. पण तिकोनी काच आली 1951 ला आणि बटणाचं हँडल 1952 ला. 1950 च्या दाराला सलग एकच काच आणि खाली फिरवून उघडायचं हँडल. तेव्हा एक तर छापलेलं साल चुकलंय, नाहीतर दारं दुसऱ्या गाडीची आहेत. खरी पंचाईत 1951 वाल्यांची. काच नवी, हँडल जुनं, असं दार त्या एकाच वर्षी निघालं. बिजागरीवर 1952 चं दारही चढतं, म्हणून विकणारा ते बिनदिक्कत गळ्यात मारतो.

कागदावरच्या सालाचा भरवसा तर मुळीच धरू नये. नोंदणीच्या कागदावर बऱ्याचदा गाडी विकली गेली ते साल असतं. कारखान्यातून ती आधीच्या वर्षी निघालेली असू शकते. आणि 1955 या सालाने तर भल्याभल्यांना चकवलंय. त्या वर्षी मार्चपर्यंत जुनीच बॉडी निघत होती आणि मार्चअखेरीस संपूर्ण नवी बॉडी आली, पुढची काच दोन्ही बाजूंना वळलेली. कागदावर दोन्ही 1955 च. पण एकीचा मडगार्ड दुसरीला लावायचा म्हटलं तर देव पाण्यात ठेवूनही बसायचा नाही. फोर्डमध्येही असाच एक सापळा आहे. 1953 ते 1956 च्या एफ-100 पिकअप एकाच घराण्यातल्या, पण 1956 ला वळलेली काच आली आणि त्यासाठी केबिन बदलली. त्या केबिनची काच आणि दारं आधीच्या तिघींना चालत नाहीत.

म्हणून साल विचारण्याआधी गाडी वाचावी. शेवरोलेची पुढची काच मधोमध पट्टी असलेली दोन तुकड्यांची आहे की 1954 पासूनची एकसंध वळलेली? तोंडावरच्या जाळीला पाच आडव्या पट्ट्या आहेत की मधला तो जाडजूड आडवा दांडा? हौद्याच्या बाजूंची वरची कड उतरती आहे की 1954 पासूनची सपाट? केबिनच्या मागच्या कोपऱ्यात, दारामागे, पेट्रोल भरायचं तोंड आहे का? 1949 पासून पिकअपची टाकी सीटमागे केबिनमध्ये आली, म्हणून ते भोक. 1948 च्या गाडीसाठी दुसरी केबिन आणलीत आणि तिच्या कोपऱ्यात हे भोक असलं, तर ते भरण्याचं काम अंगावर आलंच म्हणून समजा. स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे तेही पाहावं, कारण डॅशबोर्ड उलट असतो आणि फायरवॉलची, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याची, भोकंही त्याच हिशेबाने पाडलेली असतात. जीएमसी ही शेवरोलेचीच भावंड; तिची केबिन शेवरोलेसारखीच, त्यामुळे दारासाठी तिकडे शोधायला हरकत नाही. जाळीसाठी मात्र शोधू नये.

कंपनीचं जुनं पार्ट्स कॅटलॉग मिळालं तर सोन्याहून पिवळं. त्यात नंबरापुढे कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत आणि कोणत्या टनेजच्या गाडीला, हे दिलेलं असतं. पण तेही आंधळेपणाने वापरायचं नाही. डीलरकडे पुढे सुटा भाग म्हणून जो मिळायचा, तो काही वेळा सुधारित घडणीचा असे. गाडीवरचा तुकडा आणि कॅटलॉग यांचं जमेना, तर मी तुकड्याचं ऐकतो.

आता त्या 'टाकून द्यावेत'कडे येतो. माझ्या मते लेखातली सर्वांत महागात पडणारी ओळ हीच.

गेल्या वर्षी एका ट्रकसाठी नव्याने बनवलेला पुढचा मडगार्ड मागवला होता. खोक्यातून निघाला तेव्हा चकचकीत, काळा, बघणारे खूश. मी जुना सडका मडगार्ड शेजारी ठेवला. हेडलाइटच्या वर जी उंच कड चालत मागे जाते, तिच्यावर पुठ्ठा धरून फर्मा कापला आणि तो नव्यावर ठेवला. फर्म्याखालून उजेड दिसत होता; कड बोथट होऊन गोल झालेली. पत्रा मोजला तर जुना 18 गेजचा, म्हणजे साधारण 1.2 मिलिमीटर, आणि नवा 20 गेजचा, 0.9 च्या आसपास. मागच्या बोल्टांची भोकंही सरकलेली. जुना तुकडा भंगारात गेला असता तर यातलं काही कळलं नसतं. भोकं लांबट करून, वर पुटी चोपडून काम उरकलं असतं आणि रंगानंतर दोन बाजू दोन तऱ्हेच्या दिसल्या असत्या. शेवटी जुन्याचाच खालचा सडका भाग कापून तिथे ठिगळ जोडलं. वेळ गेला, पण वरची कड कारखान्याची राहिली.

सडक्या पत्र्यात आणखीही माहिती असते. स्पॉट वेल्डिंगचे ठिपके किती अंतरावर आहेत, मडगार्ड आणि केबिनच्या फटीत बिडिंग, म्हणजे फट झाकणारी पट्टी, कुठून कुठपर्यंत होतं, सगळं त्यावर दिसतं. दाराची बिजागरी उघडली की तिच्या पाटीखाली बऱ्याचदा मूळ रंग जसाच्या तसा सापडतो. त्यावर कधी पॉलिश पेपर फिरलेला नसतो.

शक्य असेल तेव्हा सुटं दार घेऊ नये, दारांसकट केबिन घ्यावी. दाराची फट चौकटीवर, बिजागरीच्या पिनेवर आणि केबिनखालच्या रबरांवर ठरते. रबरं दबून गेलेली असली तर अगदी अस्सल दारही तिरकं लागतं आणि लोक दाराला नावं ठेवतात. फ्लोअर कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करून घ्यावेत, नाहीतर केबिन पसरते आणि मग कुठलंच दार बरोबर ठरत नाही.

गाडी वापरासाठीच उभी करायची असेल आणि मालकाने 1950 च्या गाडीला तिकोन्या काचेची दारं लावली, तर माझी काही तक्रार नाही. वारा छान येतो. फक्त विकताना 'संपूर्ण ओरिजिनल' म्हणू नये. काढलेली दारं गंजलेली का असेनात, गाडीसोबत द्यावीत. पुढच्या मालकाला फर्मा त्यांच्यावरूनच कापावा लागेल.

आपला,
एक निवृत्त डेंटर