सुरगाण्याचं कुलूप आणि जिल्ह्याचा आकडा

मा. नियोजन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

जानेवारी २०२५ पासून केंद्राच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात (पीएलएफएस) नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरतात. चांगलंच झालं. आता कधी ना कधी नाशिकचा बेरोजगारी दर तुमच्या टेबलावर येईल. तो यायच्या आत हे पत्र लिहितोय. आकडा एकदा छापून आला की त्याला कोणी प्रश्न विचारत नाही.

मी संख्याशास्त्र शिकवतो. समजा, नमुन्यात जिल्ह्यातली काम करणारी आणि काम शोधणारी मिळून ५०० माणसं आली आणि दर ५ टक्के निघाला. तर खरा दर ३ ते ७ मध्ये कुठेही असू शकतो. त्यातही एका गावातली १२ घरं एकदम घेतात आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांची कामं बरीचशी सारखीच असतात. म्हणजे हा पट्टा आणखी रुंद. पुढच्या वर्षी ४ आले म्हणून पेढे वाटू नका, ६ आले म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना झापू नका.

ही चूक निदान मोजता तरी येते. ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, लागली की सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांतली कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या मळ्यांवर उतरतात. त्या दिवसांत प्रगणक सुरगाण्याला गेला तर दाराला कुलूप. मग बदली घर, म्हणजे जे गावातच थांबले त्यांचं. कामासाठी घर सोडावं लागलेला माणूसच हिशेबातून निसटतो, आणि नमुना दुप्पट केला तरी निसटतोच. तिकडे मालेगावात घरबसल्या यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या सुनेचं काम सासरा ‘घरकाम’ म्हणून सांगून मोकळा होतो, कारण बऱ्याचदा सगळ्यांची उत्तरं घरातला एकच जण देतो.

उद्या कोणी म्हणेल, मॉडेल लावून तालुक्याचे आकडे काढू. काढता येतात. पण तालुक्यात नमुना तुटपुंजा असला की मॉडेल त्याला इतरांच्या वळणावर ओढतं. सुरगाणा थोडा निफाडसारखा दिसू लागतो. शिवाय मॉडेलच्या जोडीला घ्यायची जनगणना अजून २०११ ची.

मागणं एवढंच: आपल्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने जिल्ह्याचा प्रत्येक आकडा त्याच्या संभाव्य चुकीच्या पट्ट्यासह (५ टक्के, पण ३ ते ७, असा), एकाच ओळीत छापावा. कुलूपबंद घरं किती होती आणि कोणत्या महिन्यात, तेही सांगावं. आणि तोवर या आकड्यावरून कोणत्याही तालुक्याचा रोजगार हमीचा आराखडा कापू नये.

आपला,
नाशिकचा एक संख्याशास्त्र शिक्षक