परदेशी निघण्याआधी बँकेची पायरी चढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलं परदेशी निघाली की घरात लोणची, मेतकूट, छोटा कुकर यांची बांधाबांध सुरू होते. आमच्याकडेही तीन वर्षांपूर्वी हेच चाललं होतं. मुलगा नोकरीसाठी जर्मनीत उल्मला निघाला होता. बॅगेचं वजन आम्ही चारचारदा केलं, पण बँकेच्या खात्याचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही. त्याचा पुढे फार मनस्ताप झाला, म्हणून हे पत्र.

त्याचं इथलं बचत खातं होतं तसंच राहिलं. सांगलीतल्या फ्लॅटचा हप्ता त्यातूनच जायचा. सिमकार्ड माझ्याकडे, जुन्या हँडसेटमध्ये, देवघराशेजारच्या प्लगला लावलेलं. तिकडून त्याचा फोन आला की मी चष्मा शोधायची, ओटीपीचे आकडे एकेक करून वाचून दाखवायची, आणि कितीदा तरी तोवर मुदत संपलेली असायची. मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या गडबडीत रिचार्ज राहिला आणि नंबर बंद पडला. नेमकं तेव्हाच बँकेने केवायसी, म्हणजे ओळख-पत्त्याचे कागद, पुन्हा मागितले. ते मेसेज बंद नंबरवर जात राहिले. खातं गोठलं, दोन हप्ते परत गेले, वर दंड. नवा नंबर नोंदवायचा तर पासपोर्टची प्रत आणि सही साक्षांकित करून पाठवा, असं शाखेने सांगितलं. मुलगा रजा काढून म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात गेला. सगळं सुरळीत व्हायला चार महिने लागले.

तेव्हा कळलं की नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलनाच्या 'फेमा' कायद्याने माणूस अनिवासी ठरतो, आणि साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. शिकायला जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. इथलं घरभाडं, लाभांश एनआरओमध्ये जमा करायचे. तिकडची कमाई पाठवायला एनआरई खातं वेगळं. एनआरईच्या व्याजावर अनिवासी व्यक्तीला इथे प्राप्तिकर नाही आणि ते पैसे पुन्हा बाहेर नेता येतात. एनआरओच्या व्याजातून मात्र ३० टक्के कर आणि वर उपकर कापला जातो. चालू पीपीएफ मुदत संपेपर्यंत ठेवता येतं, नवं उघडता येत नाही.

खात्यावर आईचं नाव आहे म्हणजे भागेल, असं मीही धरून चालले होते. एनआरओ खात्यात इथल्या नातेवाइकाचं नाव राहतं, पण 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने. म्हणजे पहिला खातेदार हयात असेपर्यंत व्यवहार त्याच्याच सहीने. आईला चेकवर सही करता यावी असं वाटत असेल, तर मुलाने निघण्याआधीच शाखेत मँडेट (खातं चालवण्याचा लेखी अधिकार) किंवा कुलमुखत्यारपत्र द्यायला हवं. समोर बसून हे काम एका फेरीत होतं. तिकडे गेल्यावर त्याच सहीसाठी किती धावाधाव होते, ते आम्ही पाहिलं आहे.

आणि कृपा करून सिम घरी ठेवून घेऊ नका. रोमिंग सुरू करून ते मुलाबरोबरच जाऊ द्या, नाहीतर बँक स्वीकारत असेल तर खात्याला तिकडचा नंबर जोडा. खात्यावर दोन वर्षं खातेदाराचा व्यवहारच झाला नाही, तर ते निष्क्रिय होतं, हेही ध्यानात असू द्या.

चूक आमची होतीच. पण मला लागून राहिलेली गोष्ट वेगळी आहे. मुलाने फॉरेक्स कार्ड, म्हणजे परदेशात खर्चासाठी आधीच पैसे भरलेलं कार्ड, त्याच शाखेतून घेतलं होतं. काउंटरवर पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचं पत्र, सगळं तपासलं गेलं. "मग इथल्या खात्याचं काय करणार?" एवढं एक वाक्य मात्र कुणी विचारलं नाही. फॉरेक्स कार्ड किंवा शैक्षणिक कर्ज घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात या नियमांचा मराठीत छापलेला एक कागद बँकांनी द्यावा. आपल्या दैनिकाने ही मागणी लावून धरावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली