कोऱ्या पानांबद्दल आभार

माननीय महोदया,

सप्रेम सलाम.

आपले आभार मी इंग्रजी ईमेलमधून मागेच मानले आहेत आणि "हे तर माझे कामच आहे" असे आपले उत्तरही आले आहे. तरीही हे पत्र मी मराठीत आणि जाहीरपणे लिहितो आहे, कारण ज्यांनी ते वाचावे असे मला मनापासून वाटते, त्यांपैकी बरेच जण इथेच, कपाटांच्या किल्ल्या सांभाळत बसलेले आहेत. आपले नाव छापू नये ही आपली विनंती मी पाळतो आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात ज्या माणसाच्या कागदांवर आपण देखरेख ठेवता, त्या लोवेल मेसन यांनीही १८२२ साली हेच केले होते. बॉस्टनच्या हँडेल अँड हायडन सोसायटीने त्यांनी जमवलेला उपासनेच्या चालींचा संग्रह छापला, तेव्हा ते सव्हाना येथे बँकेत नोकरीला होते आणि बँकेतला माणूस गाण्याबजावण्यात असतो हे लोकांना कळणे त्यांना सोयीचे वाटत नव्हते. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, पण सुरुवातीला त्यावर त्यांचे नाव नव्हते.

मेसन कोण हे आपल्याला सांगायला नको, पण आमच्याकडच्या वाचकांना ते सांगितले पाहिजे. मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफील्ड या गावी १७९२ साली जन्मलेला हा माणूस १८२७ मध्ये बॉस्टनला आला, तेथे चर्चची गायकमंडळे त्याने हाती घेतली आणि १८३३ मध्ये बॉस्टन अकॅडमी ऑफ म्युझिक उभी राहिली तिच्या प्रवर्तकांपैकी तो एक होता. सगळ्या मुलांना गाता येते, फक्त शिकवणारा हवा, असा त्याचा हट्ट होता. तो हट्ट पटवून देण्यासाठी त्याने दक्षिण बॉस्टनच्या हॉज शाळेत एक वर्ष बिनपगारी शिकवले, आणि मुलांचे गाणे ऐकल्यावर २८ ऑगस्ट १८३८ रोजी शहराच्या शाळा समितीने संगीत हा नियमित विषय म्हणून मान्य केला. अमेरिकेतल्या सरकारी शाळांतल्या संगीतशिक्षणाची सुरुवात याच ठरावापासून मोजतात. पुढे १८४५ मध्ये त्याच शहराने त्याला या कामावरून दूर केले, यात मात्र मला फारसे नवल वाटले नाही. शाळेत संगीत शिकवणाऱ्याची कदर किती दिवस टिकते हे मी नोकरीभर पाहिले आहे.

नगरच्या एका निवृत्त संगीतशिक्षकाला, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्याला, या माणसाच्या कागदांशी काय देणेघेणे, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला. आपण विचारला नाहीत. अमेरिकन बोर्ड या ख्रिस्ती मिशन संस्थेचे मिशनरी बॉस्टनच्याच वळणाचे. १८१३ मध्ये ते मुंबईला आले, १८३१ मध्ये नगरला त्यांनी ठाणे मांडले, आणि त्यांच्या मागोमाग त्यांची गीते व त्या गीतांच्या चालीही येत राहिल्या. आमच्या मंडळीत ज्या चाली आजही मराठी शब्दांवर गायल्या जातात, त्यांतल्या काही मेसन यांच्या आहेत. अंत्यविधीला जी चाल धरली की मागच्या बाकावरचे न गाणारेही गुणगुणू लागतात, ती 'बेथानी' ही त्यांचीच. बिशप हेबर यांच्या मिशनरी गीताला त्यांनी सव्हानात असताना चाल दिली. हेबर पुढे कलकत्त्याला आले आणि त्या गीतातले इकडच्या लोकांविषयीचे शब्द आज कोणाच्या तोंडून निघू नयेत असेच आहेत. चाल मात्र निर्दोष आहे.

मला शोधायचे होते ते हे, की या चाली ज्या तऱ्हेने मुलांना शिकवल्या जात, ती तऱ्हा मेसन यांनी कशी घडवली. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचे वजन एकीकडे आणि परक्या चालीचा ठेका दुसरीकडे अशी ओढाताण आमच्या जुन्या गीतांत पदोपदी जाणवते, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने आल्यावर लोकांनी मोकळा श्वास का घेतला हे त्या ओढाताणीशिवाय समजत नाही. म्हणून मेसन यांच्या १८३७ च्या युरोप प्रवासातल्या रोजनिशीची पाने मला पाहायची होती.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी जिथे जिथे गेलो, त्यांची नावे घेत नाही. एका ठिकाणी जुन्या गीतपुस्तकांचा ट्रंक भरून साठा आहे हे मला पक्के माहीत होते. तेथे माझा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि शेवटी एका गृहस्थांनी, पेटी वाजवणाऱ्याला इतिहास कशाला हवा, असे तोंडावर विचारले. दुसऱ्या एका ठिकाणी पैसे भरून घेतले आणि 'संबंधित' पानांच्या छायाप्रती पाठवल्या. संबंधित काय हे ठरवणाऱ्याला स्वरलिपी वाचता येत नसावी, कारण कागदावर बसावे म्हणून प्रत्येक पानाची वरची कड कापली होती, आणि चालीचे नाव व छंदाचे आकडे नेमके त्या कडेलाच छापलेले असतात. बिननावाच्या चालींचा तो गठ्ठा माझ्याकडे अजून पडून आहे. तक्रार केली तेव्हा, बाकी पानांत काही नाही, आमच्यावर विश्वास ठेवा, असे उत्तर मिळाले.

या पार्श्वभूमीवर आपले टपाल आले. मागितलेली पाने स्वच्छ होती, कडेला मोजपट्टी आणि रंगांची पट्टी ठेवून काढलेली, एकही कोपरा न कापलेली. पण हे सगळे कोणतेही चांगले ग्रंथालय करते आणि त्यासाठी मी जाहीर पत्र लिहिले नसते. मी मागितलेल्या मजकुराच्या मध्ये आणि शेवटी जी कोरी पाने होती, त्यांचीही आपण छायाचित्रे काढून पाठवलीत. सोबत एकच वाक्य होते: ही पाने कोरी आहेत, पण ती कोरी आहेत हे तुम्हाला माझ्या शब्दावर मानावे लागू नये. मी ती एकेक करून मोठी करून पाहिली. पिवळसर कागद, आणि मागच्या बाजूची शाई झिरपून उमटलेल्या उलट्या अक्षरांच्या पुसट रेघा. दुसरे काहीही नाही. एवढ्या पानांसाठी आपण प्रत्येक वेळी वही अलगद उलटली असेल, मोजपट्टी पुन्हा सरळ केली असेल, दिवा पाहिला असेल, आणि हे सगळे काहीच नसलेल्या पानांसाठी! हजारो मैलांवरच्या, कधी भेटण्याची शक्यता नसलेल्या एका म्हाताऱ्याला शंका घेण्याचा हक्क आहे, हे आपण न मागता मान्य केलेत. माझ्या आयुष्यात दप्तरे सांभाळणाऱ्या कोणी मला हा मान दिला नव्हता, आणि खरे सांगायचे तर ते वाक्य वाचून माझे डोळे भरून आले.

मेसन यांची शिकवण्याची रीतही याच जातीची होती, म्हणून हे अधिक जाणवले असेल. स्वित्झर्लंडच्या पेस्टालॉझी यांच्या विचारावर बेतलेल्या त्यांच्या १८३४ च्या शिक्षक-पुस्तिकेचा गाभा असा, की आधी नाद मुलाच्या कानावर पडू द्या, तो त्याला गळ्यातून काढू द्या, चिन्ह आणि नियम मागाहून सांगा. शिक्षक सांगतो म्हणून मुलाने काही मानू नये. आमच्याकडे गुरुमुखातून गाणे शिकणाऱ्यांना यात नवीन काय असे वाटेल, पण छापील पुस्तकावर पोसलेल्या शाळेत असे म्हणायला तेव्हा छाती लागत होती. मेसन यांचे सगळेच मला पटते असे नाही. 'शास्त्रशुद्ध' संगीताच्या उत्साहात न्यू इंग्लंडच्या रांगड्या जुन्या चाली त्यांनी बाजूला सारल्या, आणि आमच्या मिशनऱ्यांनीही ओव्या-अभंगांच्या बाबतीत बराच काळ तसेच केले.

दुसऱ्याच्या शब्दावर न विसंबण्याचे मोल तर आपल्या ग्रंथालयाइतके कोणाला ठाऊक असणार? १८५२ मध्ये मेसन यांनी जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या रिंक या ऑर्गनवादकाचा ग्रंथसंग्रह विकत घेतला, १८७२ मध्ये मेसन वारल्यावर तो त्यांच्या बाकीच्या पुस्तकांबरोबर येलकडे आला, आणि त्यातली एक हस्तलिखित वही 'एलएम ४७०८' असा क्रमांक लेवून शंभरावर वर्षे तिथेच राहिली. तिच्यात ऑर्गनसाठीच्या ८२ रचना आहेत. १९८४ मध्ये अभ्यासकांनी ती पानापानाने वाचली, तेव्हा थोर जर्मन संगीतकार बाखच्या ३१ अज्ञात रचना तीत निघाल्या. वही कोणी लपवली नव्हती, हरवलीही नव्हती. तिची नोंद होती आणि त्या नोंदीवर सगळे समाधानी होते. बाकी पानांत काही नाही असे मला लिहिणाऱ्या गृहस्थांना ही हकिगत मी कळवली आहे. उत्तर आलेले नाही.

सज्जनपणा म्हणजे फार मोठा त्याग असे आम्हाला लहानपणापासून शिकवतात, त्यामुळे तो कचेरीच्या वेळेत, पगारी कामात, मोजपट्टी सरळ करतानाही करता येतो हे आमच्या ध्यानात येत नाही. आपल्यासारखी माणसे आमच्याकडेही आहेत. एका लहान गावच्या वाचनालयात एका बाईंनी वीज नसताना खिडकीशी उभे राहून माझ्यासाठी एका जुन्या अहवालातली नावे उतरवून दिली होती. अशी माणसे बहुधा खालच्या खुर्चीवर असतात आणि किल्ली दुसऱ्याकडे असते, एवढेच.

आपण पत्राच्या शेवटी, 'बेथानी' तुमच्याकडे कशी गातात, असे विचारले होते. पुढच्या महिन्यात क्वायरच्या सरावाचे ध्वनिमुद्रण पाठवतो. आम्ही ती मूळ लयीपेक्षा संथ घेतो, दुसऱ्या ओळीच्या शेवटी पेटीवर एक छोटी मुरकी येते जी मेसन यांना खपली नसती, आणि आमचा तबलजी उत्साही असल्यामुळे तबला जरा मोठा ऐकू येईल. संग्रहात ठेवण्याजोगे वाटले तर जरूर ठेवा. गायकांची नावे, वर्ष आणि गावाचा उल्लेख असलेली चिठ्ठी सोबत जोडतो, आणि ध्वनिफितीच्या सुरुवातीची व शेवटची शांतताही कापत नाही.

आपला ऋणी,
एक पेटीवादक, अहमदनगर