भोंगे थांबले, टीव्ही नाही

महोदय,
२०२४ च्या लोकसभेला आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात ७ मे रोजी मतदान झाले. नियमानुसार मतदान संपण्याच्या ४८ तास आधी, ५ तारखेच्या संध्याकाळी प्रचाराचे भोंगे गप्प झाले. आंब्याच्या पेट्या भरता भरता आम्ही सुटकेचा श्वास सोडला, तर घरातला टीव्ही चालूच! १३ मेला मतदान असलेल्या भागांतल्या सभा थेट दिसत होत्या. ही प्रचारबंदी घालणारे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२६ मतदारसंघाची हद्द पाहते. उपग्रहाला कसली हद्द? त्यात एका पक्षाची सभा अख्खी, दुसऱ्याची दोन वाक्ये. आमची मासेवालीसुद्धा तागडी गिऱ्हाइकासमोर धरते. वाहिन्यांनीही कोणत्या पक्षाला किती मिनिटे दिली, ते रोज पडद्यावर दाखवावे. निवडणूक आयोगाने एवढी सक्ती तरी करावी.

– एक आंबा बागायतदार, देवगड