गिऱ्हाईक बुडालं

सातारा, रविवार

प्रिय विन्या,
सप्रेम नमस्कार.

तू सांगितलेली जागा परवा बघून आलो. बामणोलीपर्यंत गाडी, पुढं लाँच, मग तासभराची चढण. गुडघ्यांनी तुझ्या नावानं शिमगा केला. वर गेल्यावर मात्र कोयना धरणाचा शिवसागर जलाशय दिसला आणि तुला तिथं तंबूंचं रिसॉर्ट का काढायचंय ते कळलं.

पण सड्याला, म्हणजे माथ्यावरच्या कातळ पठाराला, लागून गवळी धनगरांची चार घरं आहेत, हे एजंटानं तुला सांगितलं नसणार. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी ताक दिलं, बसवून घेतलं. मी सहज विचारलं, "धरणात तुमचं काय गेलं?"

"घर न्हाई गेलं. आमचं गिऱ्हाईकच बुडालं की ओ!"

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी उलगडून सांगितलं. धनगर माथ्यावर म्हशी राखायचे, खाली नदीकाठी कुणबी भात पिकवायचे. लोणी-तूप खाली जायचं, धान्य वर यायचं. १९६१-६२ च्या सुमारास कोयनेचं पाणी चढलं आणि खोऱ्यातली कितीतरी गावं उठून पार ठाणे-रायगडाकडं गेली. "पंचनाम्यात गिऱ्हाईक कुठं लिहित्यात?" म्हणाले.

पुढं १९८५ ला कोयना अभयारण्य, २०१० ला व्याघ्र प्रकल्प. चराईला कुरणं कमी पडत गेली. बाबांच्या दावणीला आता दोनच म्हशी, पोरगा मुंबईला हमाली करतो. वाघाशी माझं भांडण नाही रे, पण बाबांना कुणी एकदा तरी विचारायला हवं होतं.

मी हळहळत होतो तेवढ्यात त्यांची सून म्हणाली, "तुमी हाटेल काढलं तर रस्ता हुईल का?" मागच्या पावसाळ्यात तिच्या जावेला कळा सुरू झाल्यावर डोलीतून खाली आणलं होतं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. जुनं जपा म्हणायला आपलं काय जातंय!

तुझ्या पत्रकावरचं मेंढरांचं चित्र आधी काढ. हे म्हशीवाले धनगर, मेंढरं माणदेशाकडच्यांची. सातबाराही पाहिला. बाबांचं नाव कुठंच नाही, वहिवाट मात्र पणजोबापासूनची. 'नवीन महाबळेश्वर' या सरकारी गिरिस्थान प्रकल्पाच्या बातम्यांनी एजंट चेकाळलेत, तुझ्या एजंटाला इसार देऊ नकोस. तू दिलास तरी मी भागीदारीत नाही.

येताना अर्धा किलो तूप आणलं. बरणी त्यांचीच आहे, परत द्यायचीय. पुढच्या शनिवारी ये, दोघं जाऊ. रस्त्याचं काय ते तूच त्या सुनेशी बोल.

तुझा,
दिल्या