आलोच म्हणून गेलो होतो

प्रिय सुध्या,

आठ महिने झाले. तुझ्या दोन लांबलचक मेल आल्या आणि उत्तरादाखल मी काय पाठवलं, तर दोन्ही वेळा एक अंगठा. शुभा म्हणाली, आयुष्यभर बँकेत लोकांचे अंगठे घेतलेत, आता स्वतःच अंगठाबहाद्दर झालात. बोलणं बरोबर होतं, म्हणून मी पेपर वाचत राहिलो.

तब्येत ठीक. डावा गुडघा कुरकुरतो, साखर गोळीच्या धाकात आहे. पुढे.

लिहायला बसलो ते गजूकाकामुळे. तो जाऊन इतकी वर्षं झाली, आता कुठला गजूकाका म्हणशील. सांगतो, पण वळणावळणाने. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो ही तुझी तक्रार सातवीपासूनची आहे.

मी त्या लोकल लेव्हल कमिटीवर आहे हे तुला माहीत आहे. फोनवर तू विचारलं होतंस, 'म्हणजे नक्की काय करता रे?' आणि मी म्हणालो होतो, 'सह्या.' तू हसलास. मी विनोद केला नव्हता. आईबाप मुलाचे पालक असतात ते त्याच्या अठराव्या वर्षापर्यंत. पुढे कायद्याच्या लेखी तो सज्ञान, मग त्याला पाच रुपये आणि पाचशे रुपये यांतला फरक कळो न कळो. स्वमग्न, सेरेब्रल पाल्सीवाले, मतिमंद आणि बहुविकलांग अशा चार प्रकारच्या माणसांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आमची ही तीन डोक्यांची कमिटी आहे. एक कलेक्टर, एक नोंदणीकृत संस्थेचा माणूस म्हणजे मी, आणि एक दिव्यांग व्यक्ती म्हणजे आमच्या मॅडम. त्या व्हीलचेअरवर असतात. कलेक्टर कचेरीच्या रॅम्पला त्या 'घसरगुंडी' म्हणतात. पालक कोणाला नेमायचं हे आम्ही ठरवतो. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी मार्च संपला की तीन महिन्यांत जमाखर्च. आम्ही तो तपासायचा. मानधन नाही, चहा मात्र सरकारी.

तर मागच्या श्रावणात एका घरी भेटीला गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही, माणसाचंही नाही. घरात त्याला सगळे दादा म्हणतात, कारण भावंडांत तोच थोरला. तेव्हा आपणही दादाच म्हणू. वय एक्केचाळीस. वडील झेडपीचे मास्तर. आधी आई गेली, मग मास्तर. अशा मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळतं, पण बँक म्हणाली, पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा. (बँक म्हणणारच. तिच्या जागी मी असतो तर मीही म्हणालो असतो.) धाकट्या भावाने अर्ज केला, आम्ही त्याला नेमला, आणि वर्षाने मी बघायला गेलो.

तू मला नेहमी म्हणायचास, अव्या, तुला माणसाच्या आधी पासबुक दिसतं. अगदी तसंच झालं. पासबुक प्रिंट मारून अद्ययावत. निरामया या आरोग्य विम्याचं कार्ड प्लॅस्टिकमध्ये घातलेलं. आणि भावाने एक शंभर पानी वही ठेवलेली. बनियन दोन नग. केस कापणे. दाताचा डॉक्टर, रिक्षासह. दिवाळीचा शर्ट, पुढे कंसात 'निळा, त्याने निवडला'. आमच्या शाखेत अशी वही असती तर इन्स्पेक्टरांना झोप लागली असती. मी खूश. चहा आला, बिस्किटं आली.

दादा माझ्या शेजारी बसला होता. मी कागद टेबलावर पसरले की तो गोळा करायचा, गठ्ठा करायचा, टेबलावर एकदा उभा ठोकायचा, एकदा आडवा, कडा अंगठ्याने चाचपून बघायचा आणि माझ्यापुढे ठेवायचा. तीनदा तरी केलं. मी म्हटलं, वा, शाब्बास. मग विचारलं, 'दादा, बरं आहे ना सगळं?' भाऊ म्हणाला, 'सांग, बरं आहे म्हणून.' दादा म्हणाला, 'बरं आहे.' मी अहवालात लिहिलं, समाधानकारक.

आणि निघताना, सुध्या, चपला घालता घालता मी म्हणालो, 'येतो हं दादा.'

तो म्हणाला, 'कधी?'

सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, 'आलोच.'

आता कळलं मी रात्रीचे साडेबारा वाजता तुला का लिहितोय?

गेल्या आठवड्यात त्याच्या भावजयीचा फोन आला. 'साहेब, रागावू नका, पण तुम्ही एकदा येऊन जा.' तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणाली, आंघोळ झाली की हा पिशवी घेऊन पायरीवर बसतो. जेवायला आत येतो, परत बाहेर. दिवेलागणीला पिशवी आत नेऊन खुंटीला लावतो. श्रावणापासून आता फाल्गुन आलाय. गल्लीतली पोरं लांबून ओरडतात, 'साहेब आले, साहेब आले', आणि तो उठून उभा राहतो. हे ती सहज सांगून गेली. मी फोन कानाला लावून नुसता बसून राहिलो.

तुझे आप्पा कंदील घेऊन स्टँडवर गेले ती रात्र मला दिसत होती. बाकावर गजूकाका, मांडीवर आपली बॅट, मुक्कामाची गाडीसुद्धा येऊन लागलेली. आणि तो आप्पांना काय म्हणाला? 'पोरं आलीत का?' ना रडला, ना रागावला. आपण मॅटिनी बघून, नदीवर डुंबून, घरी जाऊन भाकरी खाऊन झोपलो होतो. बहात्तरचा दुष्काळ, नदीत पाणी किती तर गुडघाभर, आणि त्यात डुंबायचं म्हणून आपण त्याला विसरलो.

'आलोच, इथंच थांब' हे वाक्य तुझं, असं मी पन्नास वर्षं सांगत आलोय. तुझ्या लग्नातही त्यावरून भांडलो होतो, आणि मीनलवहिनींना वाटलं होतं की हुंड्यावरून काहीतरी चाललंय. आज खरं लिहितो. मला आठवत नाही. तू नाही म्हणालास तर मी म्हणालो असणार, म्हणून आधीच तुझ्या नावावर जमा करून टाकलं.

मी परत का गेलो नाही, याची कारणं माझ्याकडे फाइलभर आहेत. दर तीन महिन्यांनी बैठक घ्यावी असं कायद्यात लिहिलंय. आमची एक आचारसंहितेत गेली, दुसरी कोणाच्या तरी दौऱ्यात, तिसऱ्या वेळी साहेबांचीच बदली. शिवाय त्याची फाइल क्लिअर होती ना. जिथे संशय असतो तिथे आम्ही परत जातो. वाईट घरात चार चकरा, चांगल्या घरात एक.

पहिल्या रात्री माझ्या डोक्यात भलतंच आलं. माणूस पिशवी भरून पायरीवर बसतो म्हणजे त्याला त्या घरातून जायचंय. मारतात का? उपाशी ठेवतात का? ती वही बनावट तर नसेल? पालक छळ करत असेल, हेळसांड करत असेल किंवा मालमत्ता खात असेल तर त्याला काढता येतं. कलम 17 मला पाठ आहे. सकाळी मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, 'तुम्ही त्याच्याशी एकट्याशी बोललात?'

'नाही.'

'मग तुम्ही तपासलंत काय?'

मी वहीबद्दल सांगायला लागलो, तर त्या म्हणाल्या, मी एम.ए. आहे, नोकरी करते, तरी हॉटेलात वेटर माझ्या भावाला विचारतो, यांना चहा चालेल का? 'आणि तुम्ही त्याला बरं आहे का हे भावासमोर विचारलंत.' मॅडमचं बोलणं असं असतं. कलेक्टरसुद्धा त्यांच्याशी सावरून बोलतात.

मग मी भावजयीला परत फोन लावला आणि जे पहिल्याच फोनवर विचारायला हवं होतं ते विचारलं. पिशवीत असतं काय? म्हणाली, 'एक रिकामा डबा, नॅपकिन आणि जुना एक द्रोण.'

द्रोण कशाला, तर मास्तर होते तोवर दादा तालुक्याच्या कर्मशाळेत जायचा. अठरा झाली की विशेष शाळा संपते. पुढे नशीब असेल तर कर्मशाळा, नाहीतर घरची पायरी. तिथे हे लोक मशीनवर द्रोण-पत्रावळी दाबायचे. याचं काम दहा-दहाचे गठ्ठे करायचं. उभे ठोकायचे, आडवे ठोकायचे, कडा चाचपायच्या. मास्तर रोज लूनावर चौदा किलोमीटर नेऊन सोडायचे आणि संध्याकाळी आणायचे. मास्तर गेले आणि ते बंद पडलं. भावाचं किराणा दुकान सकाळी सातला उघडतं. एसटीत दिव्यांगाला 75 टक्के सवलत आहे, पण हात धरून गाडीत चढवणारं आणि तालुक्याला उतरवून घेणारं कोणीतरी लागतं ना.

म्हणजे तो माझ्या शेजारी बसून मला त्याचं काम करून दाखवत होता, आणि मी चहा पीत शाब्बास म्हणत होतो.

असं मला वाटतंय. खात्री नाही. कदाचित मी मास्तरांसारखा दिसत असेन, टक्कल आणि चष्मा म्हणून. कदाचित बाहेरून कागद घेऊन येणारा माणूस म्हणजे कर्मशाळेचा, असा त्याचा हिशेब असेल. कदाचित यातलं काहीच नसेल आणि आलोच म्हणणाऱ्याची वाट बघायची असते एवढंच त्याला ठाऊक असेल. आमच्या फॉर्मात मालमत्तेला रकाना आहे, पैशाला आहे, औषधाला आहे. दिवसभर हा माणूस काय करतो, याला नाही. भावाचा काही दोष नाही रे. तो जे विचारलं ते लिहून ठेवत होता. दोष असलाच तर ज्याने विचारलं त्याचा.

वहिनी तिकडच्या रीजनल सेंटरच्या बोर्डाच्या सभांना जाऊन बसतात, त्यांच्या भाच्यासाठी, असं तू लिहिलं होतंस. तेव्हा मी वरवर वाचलं होतं, आता परत काढून वाचलं. तुमच्याकडे कॅलिफोर्नियात 1969 पासून दादासारख्यांसाठी तो लँटरमन कायदा आहे, त्यांना मदत करणारी राज्यभर अशी 21 सेंटरं, आणि बोर्डावर सगळे बिनपगारी. निम्मे तरी स्वतः असे लोक किंवा त्यांचे आईबाप-पालक हवेत, आणि किमान एक चतुर्थांश तर स्वतः तसेच हवेत, हा नियम मला आधी चुकीचा वाचलाय असं वाटलं. आमच्या कमिटीत दिव्यांग सदस्य आहेत, पण दादासारखं कोणी नाही. कोणी तशी सूचना केली तर बैठकीत काय हशा पिकेल ते मला आत्ता ऐकू येतंय, आणि वर्षभरापूर्वी त्यात माझाही आवाज असता. तुमच्याकडे अशा सदस्याला सभेचे कागद सोपे करून सांगायला शेजारी माणूस बसतो, हे खरं का? आणि तो सदस्य सभेत खरंच बोलतो, की त्यालाही कोणीतरी 'बरं आहे म्हण' म्हणतं? वहिनींना नीट विचार. तू मधे उत्तर देऊ नकोस, तुला सवय आहे.

हो, तुझं राहिलंच. अँजिओ नीट झाली हे वाचून बरं वाटलं, आता जिना चढताना मर्दुमकी दाखवू नकोस. रिटायर झालास, अभिनंदन, दोन महिन्यांत कंटाळशील. केतकीच्या मुलीचा फोटो पाहिला. नाक वहिनींचं आलंय, देवाची कृपा. घर विकायचं का हे तू मला विचारलं होतंस आणि मी अंगठा पाठवला. तो होकार नव्हता, नुसता अंगठा होता. विकलं नसशील अशी आशा.

गुरुवारी मी जातोय, सातच्या गाडीने. कमिटीचं पत्र नाही, बैठक नाही, माझा मी. भावाला सांगितलंय की मला दादाबरोबर तालुक्याला जायचंय, आम्ही दोघंच, त्याची पिशवी घेऊन. कर्मशाळेत फोन केला होता. जागा आहे, न्यायला-आणायला गाडी नाही. भावजय म्हणाली, गुरुवारी डबा भरून देते. पुढचं काय जमतं ते बघू. गावात एक दूधवाला रोज तालुक्याला टेम्पो नेतो म्हणे. त्याच्याशी बोलायचंय.

पण संध्याकाळी त्याला घरी सोडून मी निघणार तेव्हा काय म्हणू? 'जातो' म्हणवत नाही. आईने लहानपणी त्यावरून थोबाडीत दिली होती, ती तुझ्यासमोरच. 'येतो' तर आता तोंडातून निघणार नाही. मॅडम म्हणाल्या, भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, परत येणार त्या तारखेला त्याच्याच हाताने गोल करवून घ्या, आणि त्या तारखेला मेलात तरी जा. ते मी करीनच. पण गोल करून झाल्यावर, चपला घालताना, उंबऱ्यात उभं राहून माणूस काहीतरी म्हणतोच ना? तिकडे घरभेटीला येणारे लोक निघताना काय म्हणतात, वहिनींना विचारून कळव. बुधवार रात्रीच्या आत.

तुझा,
अव्या

ता. क. बॅट मात्र माझीच होती.